पोटभर ताट आणि त्याचा हिशोब

गेले काही महिने गटांच्या बैठकीत एक विषय सारखा निघतोय. फाट्यावर दुपारच्या जेवणाची खानावळ काढायची का? जागा म्हणाल तर चांगली आहे. सेलू, जिंतूर, मंठा या बाजूंची वाहनं देवगाव फाट्यावर येतात. ड्रायव्हर, दुकानातली पोरं, बदलीवर आलेले कर्मचारी, कामानिमित्त थांबलेली माणसं, या सगळ्यांना दुपारी भूक लागतेच. "स्वयंपाक तर आपल्याला येतोच की," असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतं. येतोच. म्हणून आज मी स्वयंपाकाबद्दल थोडंच बोलणार आहे आणि हिशोबाबद्दल जास्त.

आधी खानावळ आणि हॉटेल यातला फरक बघू. हॉटेलात गिऱ्हाईक काय मागेल ते द्यावं लागतं, म्हणून दहा प्रकारचा माल भरून ठेवावा लागतो. खानावळीत आज जे शिजलंय तेच सगळ्यांना. ज्वारीच्या दोन भाकरी, एक भाजी, वरण किंवा येसराची आमटी, थोडा भात, ठेचा नाहीतर शेंगदाण्याची चटणी, कांदा. उद्या भाजी बदलेल, ताटाचा साचा तोच राहील. यामुळेच ते स्वस्त पडतं. स्वस्त माल आणून ते स्वस्त होत नाही. माल वाया जात नाही आणि एकाच वेळी सगळं रांधून होतं, म्हणून ते परवडतं.

ही रीत आपलीच आहे असं नाही. फ्रान्स देशात ट्रकवाल्यांसाठी रस्त्याकडेच्या खानावळी आहेत. १९३४ साली तिथं ट्रकवाल्यांसाठी एक वर्तमानपत्र निघालं, त्यातून अशा खानावळींची ओळखच तयार झाली. दारावर लाल-निळी गोल पाटी असते. आत गेलं की त्या दिवसाचं ठरलेलं जेवण मिळतं, एका भावात, पोटभर. अनोळखी ड्रायव्हर एकाच लांब टेबलावर बसून जेवतात. त्यांचं जेवण वेगळं, पण हिशोब आपल्या खानावळीसारखाच.

आता आपल्या राज्यातली गोष्ट, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार बायकामुलं गावी ठेवून राहायचे. त्यांना जेवू घालायच्या खानावळवाल्या बाया. बहुतेकींची चाळीत एक खोली. त्याच खोलीत संसार, त्याच खोलीत चूल, तिथंच जेवणाऱ्यांच्या पंगती. पहाटेपासून रात्रीपर्यंत पाळ्या सुटतील तशा भाकरी थापायच्या. जेवण चांगलं होतं, गिऱ्हाईक कायमचं होतं, तरी या बाया कर्जात असायच्या. का?

कारण कामगाराचा पगार महिन्याने व्हायचा आणि खानावळीचे पैसे तो पगारावर द्यायचा. पण पीठ, डाळ, तेल, रॉकेल रोज लागायचं. ते वाण्याकडून उधारीवर यायचं. उधारीवर घेतलं की भाव वाण्याचा, वर व्याज. अडलं तर दागिना गहाण. म्हणजे चूल बाईची, घाम बाईचा, आणि मधल्या तीस दिवसांचा फायदा वाण्या-सावकाराचा.

ही गाठ प्रेमाताई पुरव यांनी ओळखली. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या. १९७५ साली त्यांनी या बायांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवातीला चौदा जणींना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बायांकडे तारण ठेवायला काही नव्हतं, तेव्हा त्या एकमेकींना जामीन राहिल्या. आपल्या गटांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या कर्जाने चुलीवरचं काम बदललं नाही. बाई रोख पैसे देऊन पीठ आणायला लागली, एवढाच फरक पडला, आणि तेवढा फरक पुरला. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जेवणारे कमी झाले. तरी मंडळ डबे आणि जेवणाच्या ऑर्डरीवर टिकलं. प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली.

आता वही-पेन घ्या. आकडे मी समजायला सोपे धरलेत, तुम्ही आपल्या बाजाराचे भाव घाला.

तीस ताटं धरू. एका ताटात दोन भाकरी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम पीठ, दळणासकट ९ रुपये. डाळ ६, तांदूळ ४, भाजी ६, तेल ३, तिखट-मीठ-शेंगदाणे-कांदा मिळून ५. झाले ३३. गॅस ४ रुपये, म्हणजे ३७. जागेचं भाडं, पाणी, साबण, भांड्यांची झीज यांचे ५ घाला. ४२ रुपये.

इथं बहुतेक गट थांबतात आणि म्हणतात, ५० ला देऊ, ताटामागे ८ रुपये सुटतील. तीस ताटांचे २४० रुपये. तीन बाया सकाळी नऊ ते दोन राबणार, म्हणजे एकीला ८० रुपये. खुरपणीला गेलं तरी याच्या दुपटीहून जास्त मिळतात! मग दोन महिन्यांनी एक बाई येईनाशी होते, आणि लोक म्हणतात गटात एकी नव्हती. एकी होती हो, मजुरी नव्हती.

म्हणून मजुरी आधी धरा. एकीला २५० रुपये धरले तर तिघींचे ७५०, म्हणजे ताटामागे २५. ताट पडलं ६७ ला. भाव ७० ठेवा. महाग वाटतं? मग ताटं वाढवा. पन्नास जेवणारे झाले की तीच मजुरी ताटामागे १५ रुपयांवर येते. भाजीतलं तेल कमी करून किंवा डाळीत पाणी वाढवून भाव उतरवू नका. जेवणाऱ्याला पहिल्याच घासाला कळतं.

"पण शिवभोजन तर १० रुपयांत मिळतं," हा प्रश्न नक्की येतो. २६ जानेवारी २०२० ला ती योजना सुरू झाली. जेवणारा १० रुपये देतो हे खरं, पण सरकारने त्या थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली होती. वरचे पैसे अनुदानाचे. ते अनुदान थकल्याच्या केंद्रचालकांच्या तक्रारीही पेपरात येऊन गेल्या. १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर निघाली होती, तीही काही वर्षांत बंद पडली. गरिबाला जेवण देणं सरकारचं कामच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या भावाशी आपला भाव लावून बघू नका. आपल्यामागे अनुदान नाही.

राहिली उधारी. तीस मेंबर महिन्याच्या बोलीवर जेवतात, सव्वीस दिवस, ७० रुपये भाव. महिन्याचे ५४,६०० होतात. ऐकायला गोड आहे. पण सगळ्यांनी महिना संपल्यावर पैसे दिले तर नुसत्या किराणा-भाजी-गॅसचे २८,८६० रुपये तुम्हाला आधी घालावे लागतात. गिरणगावच्या बाया याच खड्ड्यात होत्या. म्हणून दहा दिवसांची कुपनं काढा, पैसे आधी, जेवण नंतर. ओळखीच्या माणसाला हे सांगायला जीभ अडते, मला माहीत आहे. गटाचा ठराव करा आणि कागद भिंतीला लावा. "माझ्या हातात नाही दादा, गटाचा नियम आहे," एवढं म्हटलं की पुरतं. सुरुवातीचा माल भरायला गटातून अंतर्गत कर्ज घ्या, आणि ते खानावळीच्या नावाने वेगळ्या पानावर लिहा.

दुसरी गळती उरलेल्या अन्नाची. तीस जणांचं रांधलं आणि वीसच आले तर ३७ दराने ३७० रुपये गेले, म्हणजे एकीच्या दिवसाच्या मजुरीहून जास्त. सकाळी दहाच्या आत मेंबरांचा फोनवर आकडा घ्यायचा, रस्त्यावरच्या गिऱ्हाइकासाठी वर पाच-सात ताटं धरायची. भाकरी जेवायला बसल्यावरच थापायची. पीठ उरलं तर चालतं, भाकरी उरली की संपलं.

कागदपत्रं फार नाहीत. छोट्या धंद्याला अन्न सुरक्षेची साधी नोंदणी लागते, शुल्क वर्षाला १०० रुपये, ऑनलाइन सेवा केंद्रात करून मिळते. गॅसची टाकी मात्र व्यावसायिकच लावा, १९ किलोची. घरची टाकी खानावळीत वापरणं कायद्याने चालत नाही.

ज्या गटांना विचार करायचा आहे त्यांनी आधी आठ दिवस फाट्यावर दुपारी बारा ते दोन नुसतं बसून मोजा. किती जण जेवायला जागा शोधतात, किती जण घरचा डबा उघडतात, बिस्किटावर किती जण भागवतात. तो आकडा घेऊन पुढच्या बैठकीला या, मग ताटाचा भाव मिळून काढू.