गाडी एका बाजूस का झुकते?

बेळगावहून गोव्याकडे जाणारा मार्ग जांबोटी, कणकुंबी ओलांडून चोर्ला घाटात उतरतो. या मार्गाने प्रवासी बस किंवा राहण्याची सोय असलेली पर्यटक-मोटार नेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी : गाडी समपातळीत उभी आहे काय?

अशा कित्येक गाड्यांत पोलादी पाट्यांऐवजी रबरी हवाफुगे बसविलेले असतात. कारागीर त्यांस ‘बेलो’ म्हणतात. कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. भाराने गाडी खाली बसली की लेव्हलिंग व्हॉल्व्हचा दांडा हलतो आणि फुग्यांत अधिक हवा शिरते. भार उतरताच जादा हवा बाहेर पडते.

सपाट जागी इंजिन चालू ठेवून टाकी भरू द्यावी. तरीही संपूर्ण गाडी खालीच राहिली, तर दोष बहुधा कॉम्प्रेसर, टाकी वा मुख्य नळीत असतो. एकच बाजू झुकल्यास तेथील फुगा, नळी व जोड यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथे गळती समजावी. गळती न आढळल्यास व्हॉल्व्हचा दांडा वाकला वा निखळला आहे काय, ते पाहावे. टाकीत साचणारे पाणी, विशेषतः पावसाळ्यात, नियमितपणे काढून टाकावे.

मात्र केवळ हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. हवा निघताच गाडी खाली येते. प्रथम चॅसिसला भक्कम आधार द्यावा. अशा मोठ्या गाड्यांचे ब्रेकही बहुधा त्याच कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतात. म्हणून दाबमापकाचा काटा खाली असताना घाट उतरण्याचे साहस करू नये. दोष दूर करूनच पुढे जावे.