पुस्तकवेड्यांचा मेळा

चांगली गोष्ट कानावर पडली की माणसाला गप्प बसवत नाही. श्रावणात देवळात पोथी लागते. अध्याय संपतो, आरती होते, आणि मंडळी चपला शोधता शोधताच बोलू लागतात. "हरिश्चंद्रानं एवढं करायला नको होतं." "का नको? शब्द दिला होता ना!" घर येईपर्यंत हा वाद चालतो. पोथी जितकी देवळात कळते, तितकीच ती ह्या वाटेवरच्या बोलण्यात कळते, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

आज ज्या मंडळींची ओळख करून द्यायची आहे ती आपल्यापासून पुष्कळ दूरची आहेत. बहुतेक अमेरिकेतली, आणि वयाने शाळा-कॉलेजातली. त्यांचे वेड एका विज्ञानकथामालेचे आहे. पण देवळातून परतणाऱ्या मंडळींचे आणि त्यांचे गोत्र एकच. इंग्रजीत अशा माणसाला 'फॅन' म्हणतात. 'फॅनॅटिक' म्हणजे माथेफिरू, त्या शब्दाचे हे आखूड रूप. आपण आपले 'चाहता' म्हणू या.

विज्ञानकथेच्या चाहत्यांचा इतिहास मौजेचा आहे, आणि त्याचा उगम एका रेडिओवाल्याशी पोचतो. ह्यूगो गर्न्सबॅक हा गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये रेडिओचे सुटे भाग विकत असे आणि रेडिओविषयीची मासिके काढत असे. १९२६ साली त्याने 'अमेझिंग स्टोरीज' नावाचे केवळ विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे छापली जात, आणि पत्राखाली लिहिणाराचा पत्ताही असे. एवढ्याशा गोष्टीने काय झाले पाहा. गावात आपल्यासारखा वेडा दुसरा कोणी नाही असे ज्याला वाटत होते, त्याला चार गावांपलीकडचा जोडीदार सापडला. वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रे लिहू लागले. मग मंडळे निघाली, हाताने छापलेली छोटी पत्रके निघाली. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला त्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. माणसे जमली सुमारे दोनशे. फॉरेस्ट ॲकरमन नावाचा बावीस वर्षांचा तरुण तिथे भविष्यकाळातल्या माणसाचा पोशाख घालून आला होता. तो पोशाख मर्टल डग्लस ह्या चाहतीने शिवला होता. आज अशा मेळ्यांत हजारो मुले आवडत्या पात्रांची सोंगे घेऊन येतात, त्याचे मूळ हे असे आहे.

आता त्या कथामालेकडे वळू. तिचे नाव 'द हंगर गेम्स', म्हणजे भुकेचे खेळ. लेखिका सुझान कॉलिन्स. पहिले तीन भाग २००८, २००९ आणि २०१० साली निघाले. पुढे २०२० आणि २०२५ मध्ये आधीच्या काळची कथा सांगणारे आणखी दोन भाग आले. २०१२ पासून चित्रपटही निघाले.

कथा भविष्यकाळातली आहे. आजच्या उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर पॅनेम नावाचे राज्य उभे आहे. मध्ये एक श्रीमंत राजधानी, आणि तिला कोळसा, धान्य, मासे पुरवणारे बारा गरीब जिल्हे. जिल्ह्यांनी एकदा बंड केले होते, ते मोडले गेले. त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षे वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची, अशा चोवीस जणांना एका रानात सोडायचे, आणि एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचे. हे सारे दूरचित्रवाणीवर दाखवतात, आणि पाहणे सक्तीचे असते. कोळशाच्या खाणींच्या बाराव्या जिल्ह्यात कॅटनिस नावाची सोळा वर्षांची मुलगी आहे. बाप खाणीतल्या स्फोटात गेलेला. ही धनुष्यबाणाने शिकार करून घर चालवते. चिठ्ठी निघते तिच्या बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीची, आणि कॅटनिस तिच्या जागी स्वतः उभी राहते. कथा सुरू होते ती इथून.

ह्या कल्पनेची मुळे जुनी आहेत. ग्रीक पुराणात अथेन्स नगरीला सात मुलगे आणि सात मुली क्रीट बेटावरच्या राक्षसाला पाठवाव्या लागत. ती कथा लेखिकेच्या मनात लहानपणापासून होती. एका रात्री ती दूरचित्रवाणीची बटणे फिरवीत असता एकीकडे तरुणांची स्पर्धा दिसली आणि दुसरीकडे खऱ्या युद्धाची दृश्ये. दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळली, आणि पुस्तक सुचले, असे तिने सांगितले आहे. आपल्या बकासुराच्या गाड्याची आठवण इथे कोणालाही होईल.

अशी भयंकर गोष्ट मुलांना आवडते कशी, असे तुम्ही विचाराल. उत्तरासाठी चाहते आपसांत काय करतात तेच पाहू.

पहिले म्हणजे ते हिशेब करतात. कथेत चिठ्ठ्यांचा नियम असा आहे: बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असे करत अठराव्या वर्षी सात. पण घरात खायला नसेल तर एक जादा चिठ्ठी टाकायची आणि एका माणसाचे वर्षभराचे जेमतेम धान्य नि तेल घ्यायचे. त्या जादा चिठ्ठ्याही दरवर्षी साचत जातात. कॅटनिस सोळा वर्षांची, म्हणजे नेमाच्या चिठ्ठ्या पाच. आई, बहीण आणि स्वतः अशा तिघींसाठी वर्षाला तीन जादा, पाच वर्षांच्या पंधरा. एकूण वीस. तिचा मित्र गेल ह्याच्या घरी खाणारी तोंडे पाच, वय अठरा. सात अधिक पस्तीस, म्हणजे बेचाळीस. पाटीवर हा हिशेब मांडला की मुलाला न सांगता कळते: सोडत सर्वांना सारखी दिसते, पण गरिबाचे नाव भांड्यात जास्त वेळा पडते. चाहते अशा जागा शोधून एकमेकांना दाखवतात. गणिताच्या गुरुजींनी ही जागा जरूर हेरावी.

दुसरे, ते बारकाईने वाचतात. आणि जे तसे वाचत नाहीत त्यांना उघडे पाडतात. कथेत रू नावाची बारा वर्षांची मुलगी आहे, सर्व वाचकांची लाडकी. २०१२ च्या चित्रपटात ही भूमिका एका कृष्णवर्णी मुलीने केली. तेव्हा काही प्रेक्षकांनी जाहीरपणे नाक मुरडले, की आमची रू अशी नव्हती. त्यावर दुसऱ्या चाहत्यांनी पुस्तकाचे पान काढून दाखवले. तिथे रूचा वर्ण गडद तपकिरी असल्याचे स्पष्ट लिहिले आहे! पुस्तकावर प्रेम करणारेसुद्धा आपल्याला हवे तेच वाचतात, आणि ते कळायला दुसरा वाचक लागतो. एकट्याने वाचणाऱ्याची चूक त्याच्यापाशीच राहते.

तिसरे, त्यांच्या हाताला काम मिळते. कोणी कथेतल्या पक्ष्याचे पदक घडवतो, कोणी पोशाख शिवतो, कोणी राहून गेलेल्या प्रसंगावर स्वतः गोष्ट लिहून मित्रांना वाचायला देतो. चित्रपटानंतर अमेरिकेत धनुर्विद्या शिकायला येणाऱ्या मुलींची संख्याही वाढली. तो पदकावरचा पक्षी म्हणजे ह्या मालेतल्या विज्ञानकल्पनेचा छान नमुना आहे. राजधानीने बंडखोरांचे बोलणे चोरून ऐकण्यासाठी, ते पाठ करून परत बोलून दाखवणारे पक्षी प्रयोगशाळेत तयार केले. बंडखोरांना हे उमगले, आणि ते पक्ष्यांना मुद्दाम खोट्या गोष्टी ऐकवू लागले. मग राजधानीने ते पक्षी रानात मरायला सोडून दिले. पण त्यांचा रानपक्ष्यांशी संकर झाला, आणि माणसाचे सूर उचलणारा एक नवाच पक्षी जन्मला. निर्मिती निर्मात्याच्या हाताबाहेर जाते, हा विचार एका पक्ष्यात मावला.

चौथी गोष्ट सर्वांत मोलाची आणि सर्वांत अवघडही. हे वेड कधी कधी पुस्तकाच्या पानाबाहेर येते. २०१३ साली एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने कथेतल्या राजधानीच्या थाटाची रंगरंगोटी बाजारात आणली. ज्या चैनीवर पुस्तक टीका करते तीच चैन पुस्तकाच्या नावाने विकायला निघाली! काही चाहत्यांना हे खटकले. त्यांनी संघटित होऊन आपल्या देशातल्या खऱ्या गरिबीविषयी आणि विषमतेविषयी लोकांना बोलते केले.

ह्याहूनही दूर ही खूण गेली. कथेत बाराव्या जिल्ह्याचे लोक मधली तीन बोटे ओठांना लावून हात पुढे करतात. आभार, आदर आणि प्रिय माणसाचा निरोप असा त्याचा अर्थ. थायलंडमध्ये २२ मे २०१४ रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि सभांवर बंदी आली. तेव्हा तरुणांनी मुक्याने हीच तीन बोटे वर केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात खोन केन येथे पाच विद्यार्थ्यांनी पंतप्रधानांसमोर ही खूण केली आणि त्यांना ताब्यात घेण्यात आले. पुढे २०२१ साली म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर तिथल्या डॉक्टरांनी नि तरुणांनी तीच खूण केली, आणि त्या देशाच्या राजदूताने संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत भाषणाच्या अखेरीस तीच तीन बोटे उंचावली. पुस्तक करमणूक म्हणून हाती घेतले होते, आणि पुढे त्याची खूण करण्यासाठी तुरुंगाची तयारी ठेवावी लागली. कोणाची बाजू बरोबर, हा आजचा विषय नाही. कुमारांच्या गोष्टीत एवढे बळ असते, हे मात्र शिक्षकाने ध्यानात ठेवायला हवे.

अर्थात सगळे वेड शहाणे नसते. कॅटनिसने गेलला वरावे की पीटाला, ह्यावर ज्यांनी तट पाडून महिनोन्‌महिने भांडणे केली, त्यांपैकी कित्येकांच्या नजरेतून चोवीस मुलांची ती कत्तल निसटून गेली असेल. बाजारवाल्यांना असे भांडण हवेच असते. त्यावर बिल्ले खपतात. म्हणून चाहत्यांच्या मेळ्यात एक तरी माणूस पुस्तक उघडून "अरे, इथे काय लिहिलंय ते वाच आधी" असे म्हणणारा असावा लागतो.

शाळेत ते काम कोणी करायचे, हे सांगायला नकोच. आपल्याकडे ह्याचा एक जुना धडा आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोत्यांच्या मंडळांचा प्रयोग केला. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचे, आणि पटले ते करायचे, अशी त्याची रीत होती. कथेलाही हीच रीत लागू पडते. 'हंगर गेम्स' लहान वर्गांसाठी नव्हे, त्यात हिंसा पुष्कळ आहे. पण वाचायला दुसरे पुष्कळ आहे. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आहे, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत. आठवड्यातून एक तास पाच-सात मुले एकच पुस्तक घेऊन बसू देत. गुरुजींनी तात्पर्य विचारू नये. "तुला कोणाचं पटलं नाही?" एवढेच विचारावे आणि मग थोडे मागे सरकून बसावे. तास संपल्याची घंटा झाली तरी मुले उठली नाहीत, आणि दारातून बाहेर पडतानाही भांडत राहिली, तर समजा की मंडळ सुरू झाले.