कर्नल म्हणतो, केबल तपासा

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे केले, तेव्हा नेट का गेलं हे कुणाला विचारावं लागलं नाही. छळतो तो न दिसणारा बिघाड. मिऱ्याला किंवा भाट्याला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, राऊटरपासून पडवीतून माडीवर नेलेली लॅनची केबल आणि तिच्या टोकाला लिनक्सवर चालणारा लॅपटॉप. एके दिवशी नेट रखडायला लागतं. केबलवाला येतो, पडद्यावर ओळखीचं विंडोज दिसत नाही म्हटल्यावर निकाल देतो, ''लिनक्समुळे होतंय.'' रत्नागिरीच्या हवेत पहिला संशय मी तरी वायरवर घेईन.

लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. 100 मेगाबिट वेगाला दोन जोड्या पुरतात, 1 गिगाबिटला चारही लागतात. गंमत अशी, की दोन्ही टोकांची यंत्रं आधी आपसात वेग ठरवतात आणि ही बोलणी दोनच जोड्यांवरून चालतात. त्या धड असल्या की गिगाबिट ठरतं. मग उरलेल्यांपैकी एखादी तार तुटकी निघते आणि ठरलेलं मोडतं. काही नेटवर्क कार्डं मुकाट 100 वर उतरतात. काही तीच बोलणी पुन्हा पुन्हा करत बसतात आणि जोडणी लागतच नाही.

लिनक्स हे लपवत नाही. टर्मिनलमध्ये 'एथटूल' चालवून वेग विचारला तर 1000 ऐवजी 100 दिसतो. नव्या आवृत्त्यांत, बऱ्याच कार्डांच्या बाबतीत, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये चक्क एक वाक्य सापडतं: ठरलेला वेग इतका, प्रत्यक्षात इतका, केबल तपासा! उद्गारचिन्ह कर्नलचंच. केबलवाल्याला दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

बाकी तपास खालून वर करत जावा. 'आयपी लिंक'च्या उत्तरात 'नो-कॅरिअर' आलं, तर पलीकडून सिग्नलच येत नाही. वायर, पोर्ट नाहीतर बंद पडलेला राऊटर, यापलीकडे जाऊ नये. सिग्नल आहे पण आयपी पत्ता मिळालेला नाही, तर राऊटरकडे बघावं. पत्ताही असेल तर 'पिंग'. हा छोटा प्रोग्राम माइक म्यूस या अमेरिकी प्रोग्रामरने डिसेंबर 1983 मध्ये लिहिला, नाव सोनारच्या आवाजावरून घेतलं. मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरचं यंत्र पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघतं, तसंच हे. आधी राऊटरला पिंग, मग इंटरनेटवरच्या 8.8.8.8 या पत्त्याला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर दोष नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा.

पण इथे रत्नागिरीत गोष्ट बहुधा तळाशीच, वायरपाशी अडते. वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यात खारी हवा. प्लगच्या पिनांवरचा सोन्याचा मुलामा स्वस्त मालात नावापुरता असतो. तो झिजला की खालचा धातू गंजतो. पागोळीखालून आलेली केबल सरळ खिडकीतून आत घेतली, तर पाणी तिच्यावरून ओघळत थेट पोर्टात. आत घेण्याआधी तिला खाली झोळ दिला की पाणी तिथेच ठिबकून जातं. फुकटचा उपाय, आणि क्वचितच कुणी करतं. ओल नुसती आवरणात शिरली तरी सिग्नल क्षीण होतो.

विजेचं प्रकरण वेगळं. लॅनच्या पोर्टात लहानसे ट्रान्सफॉर्मर असतात. मानकाप्रमाणे ते 1500 व्होल्टपर्यंत अडवतात. जवळपास कोसळलेली वीज लांब तारेत याहून बरंच जास्त उभं करू शकते. मग बाकी लॅपटॉप ठणठणीत, पोर्ट तेवढं मेलेलं. कुठलीही केबल लावा, 'नो-कॅरिअर'. अशा वेळी यूएसबीला लावायचं लॅन अडॅप्टर घ्यावं. बहुतेकांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतात. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात केबल काढून ठेवलेली बरी.

गंजलेला प्लग बदलायचा तर टोक कापून आतली तार बघावी. हिरवट असेल तर आणखी कापावं, स्वच्छ तांबं लागेपर्यंत. कापलेलं टोक आतून पांढरं दिसलं, तर ती तांब्याची केबलच नव्हे, वर तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे. हे दोन धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना लागून असले की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. तिथे नवा प्लग वाया घालवू नये, अख्खी केबल बदलावी.