गाडीत झोपायचे, तर पलंग कुठे?

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तेच झाले. दोन्ही वेळा ट्रकच्या लांबच लांब रांगा लागल्या आणि चालक-क्लीनरना केबिनमध्येच दिवस काढावे लागले. आसपासच्या गावांनी जेवणाची सोय केली, पण झोपेची सोय ज्याची त्यालाच करावी लागली.

एरवीही रात्री शिरोली एमआयडीसीत गेलात, तर फाउंड्रीचा माल भरायला किंवा उतरवायला थांबलेले ट्रक रस्त्याकडेला दिसतात. सीटमागे आडवी फळी, तिच्यावर पातळ गादी, समोरच्या काचेवर अडकवलेला टॉवेल आणि चार बोटे उघडी ठेवलेली खिडकी. कॅराव्हॅन हा शब्द आपल्याकडे नवा असेल, गाडीत झोपणे नवे नाही. आणि ती चार बोटे उघडी खिडकी किती शहाणपणाची आहे, हे पुढे येईलच.

राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तेव्हापासून भाड्याच्या कॅराव्हॅन दिसू लागल्या आणि हौशी कुटुंबांनी स्वतःची व्हॅन आतून बदलून घेण्याचा विचार सुरू केला. परदेशात मोटारीमागे ओढायची कॅराव्हॅन जास्त चालते. आपल्याकडे चालते ती एकसंध गाडी, म्हणजे मोटर कॅराव्हॅन. शिरोलीत पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम करणाऱ्या शेडना तोटा नाही, त्यामुळे नकाशा कागदावर काढून द्यायचा आणि करून घ्यायचे, असे अनेकांना वाटते. त्यात दोन अडचणी आहेत. पहिली कायद्याची : नोंदणीच्या वेळी होती त्यापेक्षा वेगळी गाडी करायची, तर आरटीओची परवानगी लागते, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस 124 हे स्वतंत्र मानक आहे. दुसरी अडचण या सदराच्या कक्षेतली. बहुतेक नकाशांत आधी ओटा येतो, मग सोफा, टीव्ही, छताचे रंगीत दिवे. उरलेल्या जागेत पलंग. माझे मत याच्या अगदी उलट आहे. चोवीस तासांतले सात-आठ तास जिथे जाणार आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या जोरावर घाट उतरायचा, त्या पलंगाची जागा आधी ठरवावी. ओटा कुठेही बसतो.

हौसेच्या कॅराव्हॅनची सुरुवात एका डॉक्टरने केली, ही गंमत इथे सांगायला हरकत नाही. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले गॉर्डन स्टेबल्स यांनी 1885 मध्ये ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून ते इंग्लंडहून स्कॉटलंडला गेले. मोकळी हवा हे औषध आहे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यानंतरच्या कॅराव्हॅनवाल्यांनी मात्र खिडक्या बंद करून एसी लावला.

आता पलंग. तो गाडीच्या रुंदीत आडवा टाकायचा की लांबीत उभा, हा पहिला प्रश्न. आडवा टाकला की जागा वाचते, म्हणून कारागीर तोच सुचवतो. पण बाहेरून दोन मीटर रुंद दिसणाऱ्या व्हॅनमध्ये पत्रा, उष्णतारोधक थर आणि आतली फळी वजा केली, की हाती पावणेसहा फूट किंवा त्याहूनही कमी उरते. साडेपाच फुटी माणूस तिथे ताठ झोपू शकतो, सहा फुटी नाही. गुडघे दुमडून झोपणे एक रात्र चालते. पाच रात्रींनी कंबर आणि मान हिशेब मागतात. आपल्या उंचीपेक्षा किमान पाच-सहा इंच जास्त लांबीचा पलंग हवा.

आडव्या पलंगाचा दुसरा तोटा म्हणजे आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठायचे, तर बाहेरच्याला ओलांडून जावे लागते. तरुण जोडप्याला त्याचे काही वाटणार नाही. पण मधुमेह असलेले, प्रोस्टेटचा त्रास असलेले, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे लोक रात्री दोन-तीनदा उठतात. अंधारात, अर्धवट झोपेत, कोणाच्या तरी पायांवरून उतरताना माणूस पडतो. त्यातही झोपेतून एकदम उभे राहिले की वयस्कांचा रक्तदाब क्षणभर खाली जातो आणि भोवळ येते. घरात अशा वेळी आधाराला भिंत असते, गाडीत ओट्याची टोकदार कड असते. घरात साठीपुढचे कोणी बरोबर येणार असेल, तर उभा पलंग घ्यावा. दोन वेगळे अरुंद पलंग मध्ये वाट ठेवून केले, तर आणखी उत्तम. उंची गुडघ्याएवढी, म्हणजे बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी. पायाशी मंद पिवळा दिवा ठेवावा.

दिवसा सोफा आणि रात्री पलंग ही रचना चित्रात फार देखणी दिसते. ती वापरायला हरकत नाही, पण मुख्य पलंग म्हणून नको. रोज रात्री टेबल खाली करायचे, गाद्यांचे तुकडे जुळवायचे आणि त्यांच्या सांधी नेमक्या कमरेखाली यायच्या. शिवाय एकाला नऊला झोप आली आणि बाकीचे गप्पा मारत बसले, तर त्याने जायचे कुठे? प्रवासात कोणाला ताप आला, जुलाब लागले, तर दिवसभर आडवे पडायला कायमचा एक पलंग असलाच पाहिजे. मुलांसाठी वरचा बर्थ ठीक, पण सहा वर्षांखालच्या मुलाला तिथे झोपवू नये, आणि कठडा गादीच्या वर पुरेसा उंच आला पाहिजे. उन्हाळ्यात छताचा पत्रा तापलेला असतो आणि सर्वांत जास्त उकडते ते वरच्या बर्थवरच, हेही लक्षात ठेवावे.

गाडी चालू असताना मात्र कोणीही पलंगावर नसावे. तेव्हा समोर तोंड असलेली सीट आणि पट्टा, एवढेच.

पलंग ठरला की दार पाहायचे. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 जणांचा जीव गेला. बस दाराच्या बाजूवर पडल्याने दार उघडता आले नाही. कॅराव्हॅनच्या नकाशांत पलंग सर्वांत मागे, दार मधोमध आणि दाराला लागून ओटा ही रचना सर्रास दिसते. म्हणजे आग लागण्याची शक्यता जिथे सर्वाधिक, ती जागा झोपलेला माणूस आणि दार यांच्यामध्ये. मागचे दार आतून, अंधारात, कडी शोधत न बसता उघडले पाहिजे. ते पलंगाच्या फळीने किंवा सामानाच्या कपाटाने बुजवलेले असेल, तर तो नकाशा परत करावा, बाकी कितीही आवडला असला तरी.

आता हवा. वरची चार बोटांची खिडकी आठवा. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण 12 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. व्हॅनच्या आत फार तर 10 घनमीटर, म्हणजे 10 हजार लिटर हवा असते. चार माणसे, सर्व फटी बंद, असे धरले तर दर तासाला त्या वायूचे प्रमाण सुमारे पाच हजार पीपीएमने, म्हणजे अर्ध्या टक्क्याने वाढेल. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असते. प्रत्यक्षात गाडी इतकी हवाबंद नसते, पण दिशा तीच. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी वसतिगृहाच्या खोल्यांत हा प्रयोग केला होता, त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. खोलीत ताजी हवा वाढवल्यावर विद्यार्थ्यांची झोप सुधारली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे लक्षही अधिक चांगले लागले. एसीने हे काम होत नाही. तो आतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. म्हणून छताला एक झडपेचा पंखा आणि खालच्या बाजूला दुसरे छिद्र, दोन्ही कायम उघडे, त्यांना डासांची जाळी, असे हवे.

कार्बन डायऑक्साइडने डोके जड होते. कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकराजवळ महामार्गाकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. कालिकतच्या एनआयटीतील तज्ज्ञांनी तीच गाडी, तोच जनरेटर घेऊन चाचणी केली. जनरेटरचा धूर तळातील छिद्रावाटे आत येत होता आणि दोन तासांत या वायूचे प्रमाण साडेनऊशे पीपीएमच्या वर गेले. आठशे पीपीएमलाच पाऊण तासात डोके दुखू लागते, मळमळते आणि दोन तासांत शुद्ध हरपू शकते. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला डोकेदुखी जाणवत नाही. त्यामुळे ‘त्रास झाला तर उठून खिडकी उघडू’ हा भरवसा इथे फोल आहे.

याचे परिणाम थेट नकाशावर होतात. जनरेटर गाडीच्या आत किंवा तळाशी नको. बाहेर, वाऱ्याची दिशा पाहून लांब ठेवावा. एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवू नये, आणि शेजारी इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीकडे आपली खिडकी येऊ देऊ नये. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. दिवसा चाळीस अंशांत गाडी हाकणाऱ्यासाठी तो उपकारच आहे, पण थांबलेल्या ट्रकमध्ये इंजिन चालू ठेवून झोपण्याचा मोहही त्याबरोबर येणार. महाबळेश्वरच्या थंडीत कोळशाची शेगडी आत घेणे तर कोणत्याही सबबीखाली नको. बॅटरीवर चालणारा मोनॉक्साइडचा गजर उशीच्या जवळपास, श्वासाच्या उंचीला लावावा. स्वयंपाकाच्या गॅसचे उलट आहे. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, त्यामुळे त्याचा गजर जमिनीलगत हवा आणि सिलिंडरचे कपाट आतल्या जागेपासून बंद, पण तळाशी बाहेरच्या हवेला उघडे असावे. ज्या गाडीत कोणी खाली गादी टाकून झोपणार आहे, तिथे हे विसरून चालणार नाही.

ओल हा छोटा, पण चिवट प्रश्न. एक माणूस रात्रभरात श्वास आणि त्वचेवाटे दोन-तीनशे मिलीलीटर पाणी हवेत सोडतो; एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून अधिक पाण्याची वाफ होते. पावसाळ्यात आंबोलीला किंवा राधानगरीला मुक्काम केलात, तर हे सारे थंड पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या बाजूला थेंब होऊन बसते. बुरशी धरते, दमेकऱ्याला धाप लागते. गादीखाली सलग प्लायवुड नको, फटी ठेवलेल्या पट्ट्या हव्यात.

उतार बहुतेकांना पहिल्याच मुक्कामाला कळतो. सहा फुटी पलंगाची एक बाजू सात-आठ इंच खाली असेल, तर तो सुमारे सहा अंशांचा उतार झाला. अंतराळवीरांच्या शरीरात रक्त डोक्याकडे कसे सरकते, याचा जमिनीवर अभ्यास करताना माणसांना नेमके सहा अंश डोके खाली ठेवून झोपवतात. चेहरा सुजतो, नाक चोंदते. ज्याला आम्लपित्त घशाशी येते किंवा काचबिंदू आहे, त्याने डोके खाली असलेली रात्र टाळावीच. गाडी उभी करताना डोक्याची बाजू किंचित वर ठेवली, की हा प्रश्न मिटतो. चाकाखाली ठेवायच्या दोन लाकडी पाचरी शिरोलीत कोणीही कापून देईल.

हे सगळे जमवूनही पहिली रात्र कच्चीच जाते. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा सावध राहतो आणि आवाजाला लवकर दाद देतो. त्यामुळे पहिल्या मुक्कामानंतर लांबचा टप्पा ठेवू नये, आणि झोपेचे मशीन वापरणाऱ्यांनी पलंगाजवळ प्लग आणि रात्रभर पुरेल एवढी बॅटरी आहे का, ते घरून निघण्याआधी एका रात्रीत तपासावे.

पत्रा कापण्यापूर्वी एक काम करा. शेडच्या फरशीवर खडूने गाडीचा आराखडा प्रत्यक्ष मापाने आखा. पलंग, ओटा, दार, सगळे. घरातल्या सर्वांत उंच माणसाला पलंगाच्या चौकोनात झोपवा. मग आजींना आतल्या बाजूने उठून, कोणाला न ओलांडता, दारापर्यंत चालत जायला सांगा. त्यांना कुठे वळावे लागते, कुठे हात आधार शोधतो, तिथे खूण करा आणि रेषा पुसून नव्याने आखा. तीन-चारदा आखावे लागेल. त्यानंतर ग्राइंडर सुरू करायला सांगा.