वाघनखांची पेटी आणि संग्रहालयाचा धडा

१९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात वाघनखांचे प्रदर्शन खुले झाले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ही वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्राकडे पाठविली आणि त्यांच्या पहिल्या मुक्कामाचा मान साताऱ्याला मिळाला. ‘शिवशस्त्र शौर्यगाथा’ या नावाने भरलेल्या त्या प्रदर्शनाला लोकांची रीघ लागली. खेड्यापाड्यांतून माणसे आली, शाळांच्या सहली आल्या. २०२५ च्या आरंभी वाघनखे ठरल्याप्रमाणे नागपूरला रवाना झाली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या संग्रहालयाच्या वाट्याला असा योग क्वचितच येतो. म्हणूनच उत्सवाचा गजर ओसरल्यावर एक प्रश्न विचारावासा वाटतो. पाहुणी आलेली वस्तू निघून गेली, म्हणजे संग्रहालयाजवळ काय उरते? आणि ती पाहून घरी परतलेल्या विद्यार्थ्याजवळ काय उरते?

लोक भक्तिभावाने आले, यात नवल नाही. ज्या प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाचा वध झाला, तो गड याच जिल्ह्यात आहे. लहानपणी ऐकलेली गोष्ट काचेच्या कपाटात साक्षात उभी राहिलेली पाहताना हात आपोआप जोडले जातात. पण दर्शन घेणे आणि पाहणे या दोन क्रिया भिन्न आहेत. देवळात श्रद्धा पुरेशी होते. संग्रहालयाच्या दारात श्रद्धेबरोबर जिज्ञासाही यावी लागते. रांगेत उभे राहायचे, क्षणभर थांबायचे आणि मागच्याला वाट करून द्यायची, एवढ्यावरच सहल संपली, तर ती यात्रा झाली. शिक्षण झाले नाही.

वस्तुतः या वाघनखांइतकी जिज्ञासा जागी करणारी वस्तू शोधूनही सापडणार नाही. त्यांच्यासोबत एक पेटी आहे आणि त्या पेटीवर इंग्रजीत मजकूर कोरलेला आहे. शिवाजी महाराजांनी ज्या वाघनखांनी मोगल सरदाराला ठार केले तीच ही वाघनखे असून, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने ती त्यांना दिली, अशा आशयाचा तो मजकूर आहे. शाळेत इतिहास नीट शिकलेल्या मुलाला यात लगेच दोन गोष्टी खटकाव्यात. अफजलखान मोगलांचा सरदार नव्हता. तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. शिवाय पेशवा हाच छत्रपतींचा मुख्य प्रधान. तेव्हा पेशव्याचा पंतप्रधान म्हणजे नेमका कोण? ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास होते. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा हा अधिकारी अफजलखानाविषयी अशी चूक करील काय? मग हा मजकूर कोरविला कोणी आणि केव्हा?

ही वाघनखे ग्रँट डफ यांच्या वंशजांकडून लंडनच्या संग्रहालयात आली. प्रतापगडावरच्या प्रसंगी वापरलेली वाघनखे हीच, असे खात्रीने सिद्ध करता येत नाही, हे त्या संग्रहालयानेच स्पष्ट केलेले आहे. महाराष्ट्रातही या प्रश्नावर अभ्यासकांत वाद झडला. आपल्याकडच्या साधनांकडे वळावे, तर तेथेही सर्व एकमुखी नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीत वाघनख आणि बिचवा या दोहोंचा उल्लेख येतो. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातील वर्णन याहून वेगळे आहे. म्हणजे एका छोट्या पोलादी शस्त्राभोवती एक शिलालेखवजा मजकूर, एक वंशपरंपरा, एक बखर आणि एक काव्य असे चार साक्षीदार उभे आहेत आणि त्यांच्या साक्षी जुळत नाहीत. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगला पाठ कोणता मिळणार?

यावर कोणी म्हणेल की, कोवळ्या वयाच्या मुलांपुढे असे प्रश्न मांडल्यास त्यांच्या मनातील आदर ढळेल. ही भीती अनाठायी आहे. प्रतापगडावरील पराक्रम एका शस्त्राच्या खरेखोटेपणावर अवलंबून नाही. तो अनेक साधनांनी सिद्ध झालेला आहे. उलट, प्रश्न विचारणे हीच मराठी इतिहाससंशोधनाची परंपरा आहे. याच ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे चाळीसएक वर्षांनी नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेत असताना त्याची चिकित्सा केली. परक्या राज्यकर्त्याच्या ग्रंथाला पुरावा मागण्याचे धैर्य एका विद्यार्थ्याने दाखविले. पुढे राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्या परंपरेच्या वारसांनी ग्रँट डफ यांच्या पेटीपुढे मात्र केवळ हात जोडून उभे राहावे, हे विसंगत नव्हे काय?

तेव्हा प्रश्न प्रदर्शनांचा नाही, प्रदर्शनाभोवती उभ्या करावयाच्या कार्यक्रमांचा आहे. या बाबतीत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा अनुभव पाहण्याजोगा आहे. २०१७-१८ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्याने तेथे ‘भारत आणि जग’ हे प्रदर्शन नऊ भागांत मांडले गेले. त्यात परदेशी वस्तू वेगळ्या कोंदणात न बसविता भारतीय वस्तूंच्या शेजारी ठेवल्या होत्या, जेणेकरून त्या त्या काळी येथे काय चालले होते आणि इतरत्र काय, याची तुलना पाहणाऱ्यानेच करावी. याच संस्थेने २०१५ मध्ये एका बसचे फिरते संग्रहालय केले आणि जी मुले मुंबईस येऊ शकत नाहीत त्यांच्या शाळेच्या अंगणात ते नेऊन उभे केले. पहिल्या उपक्रमाला मोठे द्रव्यबळ लागले, हे खरे. पण दोहोंच्या मुळाशी असलेली दृष्टी पैशाने विकत घ्यावी लागत नाही. पाहणाऱ्याला विचार करावयास लावणे, ही ती दृष्टी होय.

आणि अशा दृष्टीने पाहू लागल्यास परदेशातून पाहुणी वस्तू येण्याची वाट पाहण्याचेही कारण उरत नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी हा सागराचा देव कसा पोहोचला? धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे; तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात सापडली. सातवाहनकाळी महाराष्ट्राचा व्यापार कोठवर पोहोचला होता, हे सांगणाऱ्या या वस्तू येथल्याच आहेत. त्यांच्या स्वागताला कमानी उभारल्या जात नाहीत, कारण त्या कोठून येत नाहीत आणि कोठे जातही नाहीत.

शिक्षकांना यात करता येण्यासारखे पुष्कळ आहे. सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात एक तास द्यावा. पन्नास वस्तू धावत पाहण्याऐवजी मुलांनी एकच वस्तू निवडावी, ती वहीत काढावी आणि तिला चार प्रश्न विचारावेत: ही कोणी केली, कोठे सापडली, येथे कशी आली आणि हे कशावरून? संग्रहालयानेही आपला वाटा उचलावा. चिठ्ठीवर केवळ नाव आणि शतक न लिहिता पुरावा कोणता आणि शंका कोणती, हे सोप्या मराठीत लिहावे. आठवड्यातून एक दिवस तरी जाणत्या अभ्यासकाने दालनात उभे राहून शंकांना उत्तरे द्यावीत.

वाघनखे उसनी आलेली आहेत. ठरल्या मुदतीने त्यांनी परत जावयाचे आहे. ‘कशावरून?’ हा चौथा प्रश्न मात्र कोणत्याही कराराने परत द्यावा लागत नाही. तो मुलांच्या वहीत उतरला, तर पेटी गेल्यावरही साताऱ्याच्या संग्रहालयाजवळ पुष्कळ काही उरले, असे म्हणता येईल.