पत्त्याचे टंकन आणि नामलेखनाची सवय

ब्राउझरच्या पट्टीत संकेतस्थळाचा पत्ता टंकित करताना प्रत्येकाच्या काही सवयी असतात. कोणी आरंभी तीन डब्ल्यू लिहिल्यावाचून पुढे जात नाही. कोणी दोन-चार अक्षरे लिहून यंत्राने सुचविलेला पूर्वीचा पत्ता स्वीकारतो. कोणी केवळ नाव लिहून शोधयंत्रावर हवाला ठेवतो. या सवयी वैयक्तिक समजल्या जातात. परंतु मराठी नाव रोमन अक्षरांत कसे उतरवावयाचे, या सवयीचे मूळ व्यक्तीत नसून लेखनपरंपरेत आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा चंदगड तालुका या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

हा तालुका पूर्वी बेळगाव जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढा वगळला जाऊन मुंबई राज्यात राहिला. ज्याची नातीगोती आणि शेतजमीन सीमेच्या दोन्ही बाजूंस आहेत, त्याला आज दोन राज्यांच्या भूमि-अभिलेखांची दारे ठोठवावी लागतात. शब्द एकच, ‘भूमी’. कर्नाटकाने आपल्या योजनेचे नाव रोमनमध्ये लिहिताना दीर्घ ऊकारासाठी दोन ओ योजले. महाराष्ट्राच्या ‘महाभूमी’त व ‘भूलेखा’त त्याच ऊकारासाठी एकटा यू आहे. सातबाऱ्याचा उतारा हवा असणाऱ्याने यांपैकी कोणते लेखन हाताला वळवून घ्यावे?

यांत शुद्ध-अशुद्धाचा प्रश्नच नाही. दोन ओ ही इंग्रजी उच्चाराला धरून चालणाऱ्या, गिलख्रिस्टप्रभृतींच्या पद्धतीची खूण होय; पुण्याचे जुने इंग्रजी लेखन तिचेच अपत्य. यू हा जोन्स आणि पुढे हंटर यांच्या पद्धतीतला. तेथे दीर्घत्व दाखविण्यासाठी स्वरावर चिन्ह देण्याची सोय होती, पण नित्याच्या व्यवहारात ते चिन्ह गळाले आणि ह्रस्व-दीर्घाचा भेदही त्याबरोबर गेला. वाचणारा मनुष्य दोन्ही रूपे निमूटपणे जुळवून घेतो. पत्त्याची यंत्रणा, जिची रचना १९८३ साली मॉकापेट्रिस यांनी मांडली, लहान-मोठ्या लिपीचा भेद क्षमा करते, परंतु वर्णाचा करीत नाही.

खुद्द ‘चंदगड’ हे नावही या कसोटीतून सुटत नाही. त्यातला दकार आणि डकार दोन्ही रोमनमध्ये डी या एकाच अक्षराने लिहिले जातात. त्यामुळे ‘चंदगड’ आणि ‘चंडीगड’ यांची पहिली पाच रोमन अक्षरे तंतोतंत एक होतात. देवनागरीत ती नावे दुसऱ्याच अक्षराशी फुटतात. अर्धे लिहून सूचनेवर विसंबणाऱ्याने सहाव्या अक्षरापर्यंत धीर धरलेला बरा.

चूक पत्त्याच्या कोणत्या भागात होते, यालाही महत्त्व आहे. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असा लहानाकडून मोठ्याकडे जाणारा टपालाचा क्रमच येथेही आहे. निर्णायक भाग उजवीकडे असतो. शासकीय पत्त्याच्या अखेरीचा ‘गव्ह’ व ‘इन’ हा जोड शासनसंस्थांसाठी राखीव आहे. त्याच्या डावीकडे यूच्या जागी दोन ओ पडले, तर बहुधा पान उघडत नाही, एवढेच. परंतु सवयीने अखेरीस ‘कॉम’ लिहिले, तर ते नाव कोणीही नोंदविलेले असू शकते. उताऱ्यासाठी पैसे भरावयाचे असता हा भेद क्षुल्लक नव्हे.

२०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी प्रत्ययाने पत्ते मिळू लागले आहेत. त्यांत दकार-डकारांचा घोटाळा अर्थातच नाही. मात्र ‘चंदगड’ आणि ‘चन्दगड’ ही वाचकाला एकच वाटणारी रूपे यंत्राच्या लेखी भिन्न वर्णक्रम आहेत. १९६२ च्या लेखननियमांनी ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ ठरविला. हिंदी लेखनात तोच ऱ्हस्व असतो. म्हणजे ‘कोल्हापूर’ आणि ‘कोल्हापुर’ हेही दोन पत्ते. ज्या संस्थेला असे नाव घ्यावयाचे असेल तिने दोन्ही रूपे नोंदवावीत, हे सध्या तरी व्यवहार्य दिसते. शिवाय भ्रमणध्वनीवर अनेक जण देवनागरी अक्षरे रोमन कळांच्या द्वारेच उमटवितात. ‘पूर’ लिहिण्यासाठी यू दाबावा की दोन ओ, हे त्यांना तेथेही ठरवावे लागतेच.