मैदान कुणाचं?

परवा आमच्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा अगदी रडवेला होऊन माझ्याकडे आला. "बाई, आमचं मैदान गेलं!" घराजवळच्या मोकळ्या जागेत ही मुलं रोज लगोरी आणि क्रिकेट खेळायची. तिथे एका रात्रीत पत्रे ठोकले गेले होते. "बाई, मैदान कायमचं राखून ठेवता येत नाही का हो?" त्याने विचारलं.

प्रश्न लहान, पण उत्तर सोपं नाही. हाच प्रश्न अमेरिकेलाही पडला होता, बरं का! दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली शहरं भराभर वाढली. मोटारी वाढल्या, घरं वाढली आणि मोकळ्या जागा आटू लागल्या. सरकारने 1958 साली एक आयोग नेमला. त्याच्या शिफारशींतून 3 सप्टेंबर 1964 रोजी एक कायदा झाला आणि 'जमीन व जल संधारण निधी' सुरू झाला.

या निधीत पैसा येतो कुठून? ऐकून गंमत वाटेल, समुद्राच्या तळातून! तिथे तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्या सरकारला त्याचा मोबदला देतात. त्यातला काही भाग 1968 च्या दुरुस्तीनंतर या निधीकडे वळवला गेला. विचार असा, की तेल एकदा काढलं की संपलं. मग त्याच्या बदल्यात लोकांना न संपणारं काहीतरी मिळायला नको का?

या पैशातून राज्यांना आणि गावांना अनुदान मिळतं. पण सगळं फुकट नाही हं! साधारण निम्मा खर्च राज्याने किंवा गावाने उभा करायचा. अशी चाळीस हजारांहून अधिक कामं झाली आहेत. कुठे बाग, कुठे पोहण्याचा तलाव, कुठे झाडीतली पायवाट, तर कुठे नुसतं चेंडू खेळायचं मैदान.

आता खरी महत्त्वाची अट ऐका. एकदा हे अनुदान घेतलं, की ती जागा कायमची लोकांच्या खेळण्या-फिरण्यासाठीच ठेवावी लागते. पैसे फक्त टेनिस कोर्टासाठी घेतले असले, तरी बहुधा सगळी बागच या नियमात येते. उद्या तिथे इमारत बांधायची असेल, तर केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय तेवढ्याच किमतीची आणि तितकीच उपयोगी दुसरी जागा द्यावी लागते. म्हणजे रातोरात पत्रे ठोकायची सोय नाही!

तरीही सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. वर्षाला 90 कोटी डॉलरपर्यंत रक्कम ठरली होती, पण बहुतेक वर्षी त्यातली बरीचशी दुसऱ्याच कामांना गेली. 2018 साली तर कायद्याची मुदतच संपली. लोकांनी पाठपुरावा सोडला नाही. 2019 मध्ये निधी कायमचा झाला आणि 2020 च्या नव्या कायद्याने दरवर्षी पूर्ण रक्कम देण्याची तरतूद झाली. कायदा नुसता करून भागत नाही, त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो, तो असा!

मग आपल्याकडे काय? आपल्या शहरांच्या विकास आराखड्यात बागा आणि मैदानांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. त्याला 'आरक्षण' म्हणतात. या सुट्टीत एक काम करा. आई-बाबांना किंवा आजोबांना बरोबर घेऊन नगरपालिकेत जा आणि तुमच्या भागाचा नकाशा पाहायला मागा. तुम्ही जिथे खेळता, ती जागा नकाशात मैदान म्हणून दाखवली आहे का?

आमचा वर्ग पुढच्या आठवड्यात जाणार आहे. तो मुलगा सगळ्यात पुढे असेल, यात मला शंका नाही!